वॉशिंग्टनच्या वेशीवर घर: सिल्व्हर स्प्रिंगला जावं का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. येत्या उन्हाळ्यात तुम्ही पुण्याहून वॉशिंग्टनला येताय. मिस्टरांचं ऑफिस युनियन स्टेशनजवळ आहे, मुलगी आठवीत जाणार आहे. शहराला लागून, मेरीलँड राज्यात असलेल्या सिल्व्हर स्प्रिंगमधली भाडी तुमच्या आवाक्यात बसतात, मेट्रोही आहे. पण क्लार्क्सबर्ग, ॲशबर्न अशा दूरच्या उपनगरांत राहणारे परिचित सांगतात की तिकडे मिक्स क्राउड आहे, शाळांचं रेटिंग कमी आहे, आपली माणसं नाहीत. मग जावं की नाही?

माझं उत्तर: जा. मेट्रो स्टेशनपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर घर पाहा आणि पहिलं वर्षभर तरी भाड्यानंच राहा. मेरीलँड आणि डीसी (म्हणजे वॉशिंग्टन शहर) या दोन्ही ठिकाणचा परवाना घेऊन मी बरीच वर्षं या भागात भाड्याची आणि विकतची घरं दाखवते आहे. परिचितांचं जे म्हणणं तुम्ही लिहिलंय, ते जवळपास प्रत्येक मराठी कुटुंबाकडून मी ऐकलेलं आहे. त्यामुळे उत्तर जरा लांबवते.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी. 'तिथे कोणते लोक राहतात?' हा प्रश्न तुम्ही इथल्या कुठल्याही एजंटला विचारलात, तर तो विषय बदलेल. तो काही लपवतोय असं समजू नका. १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्यानुसार वंश, धर्म किंवा मूळ देश पाहून ग्राहकाला एका वस्तीकडे वळवणं किंवा दुसरीपासून लांब ठेवणं बेकायदा आहे. 'तुम्हाला इंडियन लोक असलेला भाग दाखवते' असं प्रेमानं म्हटलं तरी परवाना धोक्यात येतो. जनगणनेचे आकडे सगळ्यांना खुले आहेत, ते तुम्ही स्वतः पाहू शकता. मी इथे लिहितेय तो जाहीर इतिहास आणि नियम. वस्ती पसंत करायची की नाही, ते तुम्ही ठरवायचं.

आता जागेबद्दल. वॉशिंग्टन शहर वसवताना दहा-दहा मैल बाजूंचा एक चौकोन कोपऱ्यावर उभा केल्यासारखा आखला गेला आणि १७९१-९२ मध्ये त्याच्या हद्दीवर दगड रोवले गेले. त्याचा उत्तरेकडचा कोपरा सिल्व्हर स्प्रिंगला लागून आहे. तिथून आग्नेयेला ईस्टर्न ॲव्हेन्यू जातो. या रस्त्याच्या एका फुटपाथवर तुम्ही डीसीत असता, समोरच्या फुटपाथवर मेरीलँडमध्ये. झाडं तीच, घरांची धाटणी तीच, पण रस्ता ओलांडला की कर, शाळा, पोलीस, भाडेकरूचे हक्क, गाडीची नोंदणी, सगळं बदलतं. संसदेतला आवाजसुद्धा बदलतो. मेरीलँडच्या नागरिकांना दोन सिनेटर आणि मतदानाचा अधिकार असलेला प्रतिनिधी मिळतो. डीसीच्या नागरिकांना सिनेटर नाही आणि त्यांच्या प्रतिनिधीला सभागृहात अंतिम मतदान करता येत नाही. प्राप्तिकर मात्र तुम्ही राहता तिथे भरायचा, काम डीसीत असलं तरी. मेरीलँडमध्ये राज्याच्या करावर काउंटीचाही (म्हणजे जिल्ह्याचाही) तीन टक्क्यांहून थोडा अधिक प्राप्तिकर लागतो. भाड्याची तुलना करताना तो लोक हमखास विसरतात. आधी पगाराच्या पावतीवर दोन्हीकडचा हिशोब मांडा.

आणखी एक गोंधळ मी सतत निस्तरत असते. सिल्व्हर स्प्रिंग हे शहर नाही. त्याला महापौर नाही, नगरपालिका नाही. २०२० च्या जनगणनेत इथे ८१,०१५ लोक मोजले गेले, तरी सगळा कारभार माँटगोमेरी काउंटीच चालवते. मात्र टपाल खात्याच्या लेखी 'सिल्व्हर स्प्रिंग' हा पत्ता फार लांबवर पसरलेला आहे. २०९१० हा पिनकोड मेट्रो स्टेशनच्या आसपासचा. २०९०४, २०९०५, २०९०६ या पिनकोडांतली घरंही कागदावर सिल्व्हर स्प्रिंगचीच, पण तिथल्या बहुतेक घरांतून गाडीशिवाय बाहेर पडणं अवघड. जाहिरातीतले फोटो सुंदर, भाडं कमी, आणि रोज सकाळी मिस्टरांना स्टेशनवर सोडायला तुम्हाला गाडी काढावी लागणार. म्हणून नाव सोडा, घरापासून मेट्रोच्या रेड लाइनच्या स्टेशनपर्यंतचं चालण्याचं अंतर नकाशावर मोजा. सिल्व्हर स्प्रिंग, फॉरेस्ट ग्लेन, व्हीटन ही तीन स्टेशनं तुमच्यासाठी. सिल्व्हर स्प्रिंगहून युनियन स्टेशन सहावं, गाडी बदलायची नाही. फॉरेस्ट ग्लेन इतकं खोल आहे की तिथे सरकता जिना नाहीच, लिफ्टनंच खाली जायचं.

आता मिक्स क्राउडबद्दल, कारण तुमच्या प्रश्नाचं मूळ तिथेच आहे. ही वस्ती आपोआप मिसळलेली नाही. उलट ती एकजिनसी राहावी म्हणून कायद्यानं खटाटोप केला गेला होता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ई. ब्रुक ली या बिल्डर-राजकारण्यानं इथे प्लॉट पाडून वसाहती उभ्या केल्या. त्या काळच्या विक्रीखतांत अशी अट असे की हे घर कृष्णवर्णीयांना विकता किंवा भाड्यानं देता येणार नाही. त्यांनी राहायचं तर घरकामगार म्हणून. जुन्या घराच्या कागदपत्रांच्या साखळीत ती वाक्यं आजही वाचायला मिळतात. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा अटींची अंमलबजावणी न्यायालयांमार्फत करण्यास मनाई केली, १९६८ च्या कायद्यानं भेदभावच बेकायदा ठरवला. पण दोन-तीन पिढ्यांना घराच्या मालकीतून मिळू शकली असती ती संपत्ती काही परत आली नाही.

डाउनटाउनपासून जवळच लिटन्सव्हिल आहे. सॅम्युअल लिटन या स्वतंत्र कृष्णवर्णीय माणसानं १८५३ मध्ये जमीन घेतली, त्यातून ही वस्ती उभी राहिली. रेल्वे रुळांच्या पलीकडे गोऱ्यांच्या वसाहती आणि दुकानं होती. दोन्ही बाजूंना जोडणारा टॅलबट ॲव्हेन्यूचा पूल १९१८ चा. कामाला, बाजाराला जाण्यासाठी लिटन्सव्हिलच्या लोकांचा तोच रस्ता. २०१८ मध्ये दोन्हीकडच्या रहिवाशांनी पुलाची शंभरी एकत्र साजरी केली आणि पुढच्याच वर्षी पर्पल लाइन या नव्या लाइट रेलच्या कामासाठी तो पाडला गेला. ली यांच्या नावाची माध्यमिक शाळा २०२१ पासून ओडेसा शॅनन यांच्या नावानं ओळखली जाते. काउंटीत निवडून आलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला. तुमची मुलगी इथे शिकली तर हा इतिहास तिला कळेलच. तुम्हालाही तो ठाऊक असलेला बरा, कारण शेजारच्या आजोबांना तो स्वतःच्या आठवणीतून माहीत असू शकतो.

मग वस्ती बदलली कशी? मेट्रो इथे १९७८ मध्ये आली. सत्तरीच्या दशकापासून राजधानीत आलेले इथिओपियन लोक आधी ॲडम्स मॉर्गन, मग यू स्ट्रीटच्या बाजूला राहिले आणि शहरातली भाडी चढली तसे सीमेपलीकडे सरकले. ऐंशीच्या दशकात एल साल्वाडोरमधल्या यादवी युद्धातून निसटलेली कुटुंबं लाँग ब्रँच आणि लँगली पार्कच्या बाजूला स्थिरावली, कारण तिथे साध्या, दुमजली-तिमजली, परवडणाऱ्या भाड्याच्या इमारती होत्या. भाड्याची घरं, बस आणि कामाची ठिकाणं जवळजवळ असली की नवी येणारी माणसं तिथे उतरतात. आपली माणसं दादर-गिरगावच्या चाळींत अशीच उतरली होती. नोआ या हवामान संस्थेची मुख्य कार्यालयं डाउनटाउनमध्ये आहेत, औषध नियामक एफडीए व्हाइट ओकला आहे, त्यामुळे शास्त्रज्ञ आणि केंद्रीय कर्मचारीही इथलेच. आज कुठल्याही एका गटाचं बहुमत नाही.

यात काउंटीच्या एका कायद्याचा हात मोठा आहे, आणि त्याविषयी मला मनापासून आदर आहे. १९७४ पासून इथे असा नियम आहे की ठरावीक आकारापेक्षा मोठा गृहप्रकल्प बांधणाऱ्या बिल्डरनं साधारण साडेबारा ते पंधरा टक्के घरं मध्यम आणि कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना परवडतील अशा किमतीत दिली पाहिजेत. बदल्यात त्याला थोडी जास्त घरं बांधायची मुभा मिळते. त्यातली एक तृतीयांशपर्यंत घरं काउंटीचं गृहनिर्माण मंडळ विकत घेऊ शकतं आणि अगदी गरीब कुटुंबांना भाड्यानं देऊ शकतं. ही घरं वेगळ्या कोपऱ्यात कोंबलेली नसतात, बाकीच्या घरांमध्ये विखुरलेली असतात. कोणाचं कोणतं हे बाहेरून सहसा कळत नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या मंडळाच्या घरांतली मुलं पाहिली गेली. ज्यांना योगायोगानं कमी गरिबीच्या शाळेच्या हद्दीत घर मिळालं, ती मुलं काही वर्षांत गणितात इतर तशाच मुलांच्या स्पष्ट पुढे गेली होती. कुठे राहायला मिळतं यानं मुलाचं शिक्षण किती बदलतं, याचा इतका चांगला पुरावा मी दुसरा पाहिलेला नाही.

आता रेटिंग. घरांच्या ॲपवर शाळेसमोर जो आकडा दिसतो, त्याचा मोठा भाग परीक्षेतल्या गुणांचा असतो, आणि गुणांची सरासरी पालकांच्या उत्पन्नामागे चालते. ज्या शाळेत दरवर्षी नुकतीच देशात आलेली, इंग्रजी शिकत असलेली बरीच मुलं दाखल होतात, तिची सरासरी खाली जाणारच. त्यावरून तुमच्या मुलीला बीजगणित कोण आणि कसं शिकवणार हे कळत नाही. मी पालकांना शाळेत प्रत्यक्ष जायला सांगते आणि तीन गोष्टी विचारायला सांगते: आठवीत गणिताचे कोणते स्तर उपलब्ध आहेत, हायस्कूलमध्ये ॲडव्हान्स्ड प्लेसमेंटचे (कॉलेजच्या पातळीचे) किती विषय दरवर्षी खरोखर चालतात, आणि नव्यानं आलेल्या मुलासाठी समुपदेशक कोण. उत्तरं चटकन मिळाली तर शाळा जागी आहे असं समजा.

माँटगोमेरी ब्लेअर हायस्कूल इथलंच, तीन हजारांवर विद्यार्थ्यांचं. त्यातला गणित, विज्ञान आणि संगणकाचा मॅग्नेट कार्यक्रम (निवडक मुलांसाठीचा विशेष अभ्यासक्रम) १९८५ पासून देशभर नावाजलेला आहे. त्यासाठी आठवीच्या वर्षातच अर्ज करावा लागतो, म्हणजे तुम्ही आल्यावर दोन-तीन महिन्यांत. हायस्कूलच्या विशेष कार्यक्रमांचे आणि हद्दींचे नियम बदलत असतात. परिचितांनी चार वर्षांपूर्वीचं सांगितलेलं धरू नका, शाळा विभागाच्या संकेतस्थळावर घराचा नेमका पत्ता घालून शाळा तपासा. रस्त्याच्या दोन बाजूंच्या दोन शाळा असू शकतात. आणि पुण्यातल्या शाळेचे गुणपत्रक आणि लसीकरणाचे कागद हातातल्या बॅगेत ठेवा, सामानात पाठवू नका.

सुरक्षिततेचा प्रश्न तुम्ही उघड विचारला नाहीत, पण ओळींमधून दिसतो. डाउनटाउनमध्ये गाड्या चोरीला जातात, मोबाइल हिसकावले जातात, शुक्रवारी रात्री काही कोपऱ्यांवर भांडणं होतात. हे खरं आहे. पण 'सिल्व्हर स्प्रिंग सुरक्षित आहे का' याला उत्तर नसतं, एकेका ब्लॉकला असतं. काउंटी गुन्ह्यांची नोंद ब्लॉकच्या पातळीपर्यंत खुली ठेवते, ती वर्षभराची पाहा. मग पसंत पडलेल्या इमारतीपाशी एकदा कामाच्या दिवशी संध्याकाळी सातला आणि एकदा शुक्रवारी रात्री दहाला जा. स्टेशनपासून घरापर्यंत चालत या. दिवे आहेत का, दुकानं उघडी आहेत का, मुलगी क्लासहून एकटी येऊ शकेल का, हे दहा मिनिटांत समजतं. लोकांच्या कातडीचा रंग पाहून धोका मोजायची सवय आपल्याकडून कळत-नकळत इथे येते. हे मी कडकपणे लिहितेय, कारण त्या सवयीपायी चांगली घरं आणि चांगले शेजार सोडलेली माणसं मी पाहिली आहेत.

आपली माणसं? क्लार्क्सबर्ग, जर्मनटाउन, गेदर्सबर्गला भारतीय कुटुंबं जास्त आहेत हे मान्य. दर शनिवारी मराठी गप्पा, शेजारी मराठी कुटुंब हीच तुमची पहिली गरज असेल, तर तुमचे परिचित चुकीचं सांगत नाहीत. त्याची किंमत म्हणजे युनियन स्टेशनचा रोजचा लांब प्रवास आणि दोन गाड्या. इथून लॅनहमचं शिव-विष्णू मंदिर तुलनेनं जवळ आहे. आणि न्यू हॅम्पशायर ॲव्हेन्यूनं उत्तरेला गाडी काढलीत तर काही मैलांत कंबोडियन बौद्ध विहार, युक्रेनियन ऑर्थोडॉक्स चर्च, मुस्लिम कम्युनिटी सेंटर आणि मंगल मंदिर एकामागोमाग लागतात. मुलीला हा रस्ता जरूर दाखवा.

तुम्ही शाकाहारी आहात असं लिहिलंय म्हणून एवढं सांगते: फेंटन स्ट्रीट आणि जॉर्जिया ॲव्हेन्यूच्या बाजूची इथिओपियन उपाहारगृहं तुमची होतील. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती इथिओपियन बुधवारी आणि शुक्रवारी उपवास पाळतात. त्या दिवशी मांस, दूध, लोणी काहीच चालत नाही, त्यामुळे डाळी आणि भाज्यांची भरगच्च थाळी कायम मिळते. तेफ नावाच्या बारीक धान्याच्या आंबवलेल्या पिठाची इंजेरा, वर मसूर, कोबी-बटाटा, पालेभाजी, आणि शिरो, जे चवीला आपल्या पिठल्याच्या फार जवळ जातं. 'फास्टिंग' पदार्थ मागा, म्हणजे मसाला घातलेलं लोणी त्यात येणार नाही.

आता लीजवर सही करण्याआधी. या कायद्यांमुळेच मी भाडेकरूंना सीमेच्या या बाजूला निश्चिंतपणे पाठवते. मेरीलँडमध्ये १ ऑक्टोबर २०२४ पासून डिपॉझिट साधारणपणे एका महिन्याच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही, आणि घर सोडल्यावर ते ४५ दिवसांत परत करावं लागतं. आत शिरायच्या दिवशी प्रत्येक भिंतीचे, नळांचे, कार्पेटचे फोटो तारखेसह काढून घरमालकाला ईमेल करा, नंतरचे वाद तिथेच मिटतात. माँटगोमेरी काउंटीत घरमालकाकडे भाड्यानं द्यायचा परवाना असावा लागतो. तो ऑनलाइन तपासता येतो. परवाना नसलेलं बेसमेंट कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका. जुलै २०२४ पासून भाडेवाढीला मर्यादा आहे: महागाईचा दर अधिक तीन टक्के, किंवा सहा टक्के, यातलं जे कमी असेल ते. मात्र २३ वर्षांहून नव्या इमारतींना आणि एक-दोनच घरं भाड्यानं देणाऱ्या मालकांना ही मर्यादा लागू नाही. म्हणजे मेट्रोसमोरचा काचेचा नवा टॉवर पहिल्या वर्षी दोन महिने फुकट देईल आणि दुसऱ्या वर्षी भाडं हवं तेवढं वाढवेल. जुन्या विटांच्या इमारतीत तसं होणार नाही. इमारत कोणत्या वर्षीची, हा प्रश्न भाड्याच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा आहे.

काउंटीच्या कायद्यानुसार घरमालकानं सुरुवातीला दोन वर्षांच्या लीजचा पर्याय द्यायचा असतो, तो मागा. नोकरी गेली किंवा कंपनीनं या परिसराबाहेर बदली केली तर नोटीस देऊन लीज मोडता येईल आणि नुकसान मर्यादित राहील, अशा अर्थाचं कलमही लीजमध्ये असतं. व्हिसावर राहणाऱ्या कुटुंबाला याहून मोलाचं कलम नाही. ते शोधून, वाचून मगच सही करा.

घर विकत घ्यायचं वर्षभरानं ठरवा असं मी म्हणते त्याला पर्पल लाइन हेही कारण आहे. बेथेस्डा ते न्यू कॅरलटन अशी १६ मैलांची, २१ स्टेशनांची ही लाइट रेल सिल्व्हर स्प्रिंगमधून जाते. काम २०१७ मध्ये सुरू झालं, २०२० मध्ये मुख्य ठेकेदार काम सोडून गेला, आणि २०२२ ला धावणारी गाडी आता २०२७ च्या अखेरीस अपेक्षित आहे. बॉनिफंट स्ट्रीटवरच्या छोट्या दुकानदारांनी वर्षानुवर्षं खोदलेला रस्ता सोसला. गाडी सुरू झाल्यावर लाँग ब्रँच आणि लँगली पार्कची भाडी वाढतील, आणि ज्यांनी ती वस्ती उभी केली त्याच कुटुंबांना जागा सोडावी लागेल, ही भीती तिथे सगळे बोलून दाखवतात. मलाही ती खरी वाटते. १९७४ चा नियम नव्या इमारतींपुरता आहे. जुन्या स्वस्त इमारती पाडल्या गेल्या तर जितकी घरं जातील तितकी पंधरा टक्क्यांतून भरून निघणार नाहीत. तुम्ही इथे राहायला आलात तर काउंटी कौन्सिलच्या जनसुनावण्यांना जा. बोलायला नागरिकत्व लागत नाही.

मतदानाचं विचारलंत तर शेजारचं टकोमा पार्क वेगळं आहे. सिल्व्हर स्प्रिंगसारखं ते बिनशहराचं नाही, त्याला स्वतःची नगरपालिका आहे. तिथे नागरिक नसलेले रहिवासीसुद्धा नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीपासून पालिका निवडणुकीत मत देतात, आणि २०१३ पासून सोळा वर्षांची मुलंही. घर त्या हद्दीत मिळालं तर तुम्हाला दोघांनाही हा हक्क मिळेल. एक खबरदारी मात्र घ्या. मेरीलँडमध्ये आल्यापासून ६० दिवसांत वाहन परवाना आणि गाडीची नोंदणी करावी लागते. त्या कार्यालयात मतदार नोंदणीबद्दलही विचारतात. तिथे 'नाही' म्हणा. ती नोंदणी राज्याच्या आणि देशाच्या निवडणुकीची असते, आणि नागरिक नसताना चुकून झाली तर पुढे ग्रीन कार्ड आणि नागरिकत्व दोन्ही अडचणीत येतात. टकोमा पार्कची यादी वेगळी, ती नगर लिपिकाच्या कार्यालयात होते. त्यासाठी अर्ज करण्याआधीही इमिग्रेशन वकिलाला एकदा विचारून घ्या.